पाणी सगळ्यात शेवटी

स्ट्रोक म्हटलं की लोक आधी हातपाय बघतात, तोंड वाकडं झालंय का ते बघतात. माझे हात चालत होते, पाय चालत होते, समोरचा काय बोलतोय ते सगळं कळत होतं, फक्त गिळता येत नव्हतं. आणि नुसतं गिळता येत नाही यावरून कुणाच्या डोक्यात स्ट्रोक येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कुणाच्या तरी घरी उपयोगाला येईल. मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय पन्नाशीच्या अलीकडे, बीपीची गोळी आधीपासून चालू.

थंडीचे दिवस होते. सकाळी उठलो तर खोली गरगर फिरायला लागली, उलट्या सुरू, उभं राहिलं की डावीकडे झोक जायचा, भिंत धरून कसाबसा बाथरूमपर्यंत गेलो. आवाज घोगरा झालेला आणि उचकी लागलेली ती थांबायचं नाव घेईना. घरच्यांना वाटलं पित्त, शेजारचे म्हणाले मानेचं दुखणं असेल, सर्व्हायकलचं. जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं, त्यांनी चक्कर थांबायचं इंजेक्शन दिलं, सीटी काढला, सीटी नॉर्मल. नॉर्मल म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. मी घोट घेतला, गिळायला गेलो, आणि काहीच झालं नाही. म्हणजे गिळायची क्रिया सुरूच होईना. चहा घशात जाऊन थांबला, थोडा नाकातून बाहेर आला आणि उरलेला कुठं गेला ते मला कळलंच नाही, कारण ठसकासुद्धा लागला नाही. नंतर ताप भरला आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की तोंडातलं काहीतरी श्वासनलिकेत उतरलंय. ठसका लागला नाही म्हणजे सगळं नीट खाली गेलं असं आपण धरून चालतो ना, ते खरं नाही. घशाची जाणीवच गेली असेल तर अन्न गुपचूप फुफ्फुसात जातं, माणूस खोकतही नाही.

मेव्हण्याने हट्ट धरून मला न्यूरॉलॉजिस्टकडे हलवलं. त्यांनी थंडगार चमचा आधी डाव्या हाताला लावला, मग उजव्या. डाव्याला थंड लागला, उजव्याला नुसता स्पर्श कळला. चेहऱ्यावर बरोबर उलटं, उजवा गाल ठीक आणि डावा बधिर. डावी पापणी पण जरा खाली आलेली. एवढं बघून त्यांनी एमआरआयच्या आधीच सांगितलं की मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागात, मेड्युलात, डाव्या कडेला रक्तपुरवठा अडलाय. याला लॅटरल मेड्युलरी सिंड्रोम म्हणतात, वॉलेनबर्ग पण म्हणतात, ॲडॉल्फ वॉलेनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं होतं. त्या भागात भोवती जाड हाडं असतात, त्यामुळे सुरुवातीच्या सीटीत हा स्ट्रोक बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. आजही अंघोळीचं पाणी मी डाव्या हाताने बघतो, उजव्याला गरम-गार कळतच नाही, उजवा हात भाजला तरी पत्ता लागायचा नाही.

आता गिळण्याचं. मेड्युलातच गिळण्याचं मुख्य नियंत्रण असतं, घसा आणि स्वरयंत्राच्या स्नायूंना जाणारी व्हेगस नर्व्ह तिथूनच निघते. तेवढासा भाग गेला आणि मला स्वतःची लाळसुद्धा गिळता येईना. हे लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, आपण ती नकळत गिळत असतो. माझी सगळी बाहेर यायची. उशाशी स्टीलचं भांडं, त्यात दर मिनिट-दोन मिनिटांनी थुंकायचं, रात्री कुशीवर झोपायचं आणि गालाखाली टॉवेल, तो ओला झाला की बायको बदलायची. भेटायला येणाऱ्यांसमोर भांडं तोंडाला लावायची फार लाज वाटायची, पण ती लाळ आत गेली तर परत न्यूमोनिया, त्यामुळे पर्याय नव्हता. आणि तोंडाने काही खात नसलो तरी दात दिवसातून दोनदा घासायचे हे नर्सने बजावून सांगितलं, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात.

नाकातून नळी घातली, रायल्स ट्यूब. जॉन रायल या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ मध्ये काढलेली, म्हणजे शंभर वर्षं झाली तरी तीच पद्धत. घालताना त्रास होतो, खोटं कशाला बोलू, पण घातल्यावर सवय होते. घरी आल्यावर सगळं बायकोने शिकून घेतलं. पाठीला उशा लावून मला बसतं करायचं, आधी सिरिंजने थोडं ओढून नळी पोटातच आहे ना ते बघायचं, मग नागलीची (नाचणीची) पेज नाहीतर डाळीचं पाणी नाहीतर ताक, दोनदा गाळलेलं, हळूहळू सोडायचं, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास मला आडवं होऊ द्यायचं नाही. पेज नीट गाळली नाही तर नळी तुंबते. गोळ्या कुटून द्यायच्या, पण सगळ्या गोळ्या कुटता येत नाहीत, काहींवर मुद्दाम वेगळं आवरण असतं, ते डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावं लागतं. हे आम्हाला केमिस्टने सांगितलं, देव त्याचं भलं करो.

या काळात सगळ्यात जड काय गेलं असेल तर आईला समजावणं. तिचं एकच, पोराच्या पोटात चार दिवस पाण्याचा घोट नाही, निदान चमचाभर तरी पाजा. आपल्याकडे आजारी माणसाला पहिलं पाणीच देतात, आणि गिळण्याच्या आजारात तेच सगळ्यात धोक्याचं असतं. पाणी पातळ असल्यामुळे जिभेवरून सरळ वेगाने खाली धावतं, स्वरयंत्र बंद व्हायच्या आत तिथं पोचतं. घट्ट पदार्थ सावकाश जातो, स्नायूंना वेळ मिळतो. आईने एक दिवस रामकुंडावरून तीर्थ आणलं, छोट्या तांब्यात, आणि गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्ट मॅडम आल्या तेव्हा नेमकी चमचा घेऊन उभी. मॅडम तिला ओरडून बोलल्या नाहीत की काही नाही, कापसाचा बोळा तीर्थात बुडवला, घट्ट पिळला आणि आईच्याच हाताने माझ्या ओठांना बाहेरून लावायला सांगितला, उरलेलं डोक्याला. आईचं समाधान झालं. त्यानंतर तिने परत कधी चमचा काढला नाही, उलट येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीच अडवायची, काही द्यायचं नाही हं तोंडात.

गिळण्याची थेरपी स्पीच थेरपिस्ट देतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझं बोलणं तर चालू होतं, मग यांना कशाला बोलावलं असंच वाटलेलं. आमच्या मॅडम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेल्या, वयाने लहान, मला काका म्हणायच्या. (आपल्या भागात कुणी शोधत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते विचारा.) त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या मुलीला समोर बसवलं, मला तिच्या गळ्यावर, घाटीवर म्हणजे स्वरयंत्राच्या उंचवट्यावर हलकेच बोट ठेवायला लावलं आणि तिला पाणी प्यायला सांगितलं. घोट घेतला की घाटी टुणकन वर, जरा पुढे, आणि परत खाली, सगळं एका सेकंदात. मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवून नुसतं गिळायचा प्रयत्न करायला सांगितलं. माझी घाटी अर्ध्यावर थरथरायची आणि खाली पडायची. इतक्या वर्षांत आपण कधी लक्षही देत नाही की त्या एका सेकंदात श्वास थांबतो, स्वरयंत्राचे पडदे मिटतात, वरचं झाकण आडवं होतं, आणि घाटी वर-पुढे ओढली जाते तेव्हाच अन्ननलिकेचं तोंड उघडतं.

ते तोंड हाच माझा खरा घोळ निघाला. अन्ननलिकेच्या सुरुवातीला क्रायकोफॅरिंजियस नावाचा स्नायू असतो, नाडी आवळलेल्या पिशवीच्या तोंडासारखा कायम आवळलेला. गिळताना, ढेकर देताना आणि उलटी होताना तो क्षणभर सैल पडतो, एरवी बंद. गिळताना तर जेमतेम अर्धा सेकंद उघडतो. माझा घसा डावीकडे कमकुवत झाला होताच, शिवाय हा स्नायू सैलच पडत नव्हता. म्हणजे ढकलणारा कमजोर आणि दार बंद. काही लोकांना स्ट्रोक नसतानाही हा स्नायू त्रास देतो, वयस्कर माणसांना गोळी किंवा भाकरीचा घास मानेपाशी अडकल्यासारखा होतो तेव्हा बऱ्याचदा हाच असतो. आणि काहींना खातापिताना काही होत नाही पण एरवी घशात गोळा असल्यासारखं वाटतं, तो या स्नायूचा नुसता आखडा असू शकतो, त्याने धोका नसतो. अर्थात कुठलं काय आहे ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

हे कळलं दोन तपासण्यांतून. पहिली इथंच झाली, नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत सोडतात आणि हिरवा रंग घातलेलं दही चमच्याच्या टोकावर देतात, रंग अशासाठी की कुठं साचतंय ते दिसावं. स्क्रीनवर मी स्वतः बघत होतो. दही डाव्या बाजूच्या खळग्यात जाऊन बसलं ते बसलंच, गिळलं तरी हलेना. दुसरीसाठी डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. नाकात नळी, तोंडाला मास्क, पिशवीत थुंकायचं भांडं असा पंचवटी एक्सप्रेसने गेलो, डब्यातल्या रोजच्या पासवाल्यांनी एका शब्दाने न विचारता खिडकी दिली. तिथं बेरियम घातलेला पांढरा घट्ट पदार्थ गिळायला लावून एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. व्हिडिओत त्याची काळी धार घशात उतरते, मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीला येते आणि तिथं थबकते, खाली केसाएवढी रेघ जाते फक्त. मला तो व्हिडिओ बघून बरं वाटलं, खरंच, कारण इतके दिवस कुठं काय अडतंय ते कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

मग व्यायाम. मुख्य व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. रझा शेकर यांच्या नावाने ओळखला जातो. उशी न घेता पाठीवर सपाट झोपायचं, खांदे जमिनीला टेकलेले ठेवून फक्त डोकं उचलायचं, इतकं की पायाची बोटं दिसावीत, एक मिनिट धरायचं, एक मिनिट सोडायचं, असं ३ वेळा, मग न थांबता ३० वेळा डोकं वर-खाली. दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे. हनुवटीखालचे जे स्नायू घाटीला वर ओढतात ते याने मजबूत होतात आणि ते ओढले गेले की खालचं दार जास्त उघडतं. ऐकायला सोपं आहे, करून बघा, पहिल्या मिनिटात मान थरथरते. मानेचा त्रास असलेल्यांनी हे परस्पर करायचं नाही, त्यांच्यासाठी बसून हनुवटीखाली रबरी चेंडू धरून दाबायचा प्रकार असतो. दुसरा व्यायाम म्हणजे गिळताना घाटी वर गेली की तिला दोन-तीन सेकंद वरच रोखून धरायचं. हा मला लवकर जमेना, मुलगी समोर बसून करून दाखवायची, मी तिची नक्कल करायचो, असं कितीतरी दिवस चाललं. एका संध्याकाळी बोटाखाली घाटी वर गेली आणि थांबली. बायकोला हाक मारली, तिने हात लावून बघितला आणि तिथंच खाली बसली.

एवढं करूनही दार पुरेसं उघडत नव्हतं, मग डॉक्टरांनी पुढचे मार्ग समजावले. एक, फुग्याने तो भाग ताणायचा. दोन, स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन, त्याने तो सैल पडतो पण असर काही महिन्यांचाच, आणि औषध शेजारच्या स्नायूंत पसरलं तर गिळणं आणखी बिघडू शकतं. तीन, मायोटॉमी, म्हणजे तो स्नायू कापूनच टाकायचा, आणि स्ट्रोकच्या पेशंटमध्ये त्याची घाई करत नाहीत कारण पहिल्या काही महिन्यांत आपोआपही बरीच सुधारणा होते. आम्ही फुगा निवडला. भूल दिली, उठलो तर घसा खवखवत होता, बाकी काही नाही. पण त्यानंतरच्या दुर्बिणीत दही खळग्यात न थांबता खाली गेलं, डॉक्टरांच्या तोंडून आपसूक 'वा' निघालं.

तोंडाने खाणं सुरू झालं ते पायरीपायरीने. अन्नपाणी किती पातळ-घट्ट आहे त्याची आयडीडीएसआय नावाची जगभर चालणारी मोजणी आहे, ० ते ७, शून्य म्हणजे पाणी आणि सात म्हणजे नेहमीचं जेवण. घरी मोजायची पद्धत मला फार आवडली. १० मिलीची सिरिंज, दांडा काढून टाकायचा, तोटीवर बोट ठेवून १० मिलीपर्यंत भरायची, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं, परत बोट लावायचं आणि किती उरलं ते बघायचं. १ मिलीच्या आत उरलं तर ते पाणीच धरायचं, ४ ते ८ उरलं तर पातळी २, आठच्या वर उरलं तर ३. दिवसभर गेज घेऊन काम करणाऱ्या माणसाला हे पटकन पटतं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरात आमरस झाला, दूध न घालता, दोरे गाळून, आणि मुलीने वाटीतला रस सिरिंजमध्ये भरून घड्याळ लावलं, सगळं घर बघतंय. आठच्या वर उरला. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या काका, मान डावीकडे वळवून, अर्धा चमचा, एक घास दोनदा गिळायचा. मान कमजोर बाजूला वळवली की ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. तसाच खाल्ला. प्रत्येक घासानंतर 'आ' म्हणायचं, आवाज ओला, गुळगुळ आला तर काहीतरी वर राहिलंय, खाकरून परत गिळायचं. आवाज कोरडा आला. इतक्या महिन्यांनी जिभेला आंबा लागला, डोळ्यात पाणी आलं, सगळ्यांच्याच.

काय चालतं आणि काय नाही याचा अंदाज मात्र पार चुकतो माणसाचा. आइस्क्रीम, जेली मऊ म्हणून चालेल असं वाटतं, पण तोंडात वितळून पाणी होतं, म्हणून नाही. पातळ वरणात मोकळा भात, नाही, कारण पातळ आणि कण एकत्र, घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. याच हिशोबाने आपली मिसळ सगळ्यात कठीण, पातळ रस्सा आणि त्यात कोरडी शेव. चिवडा कोरडा, घशात पसरतो. द्राक्षं तर अजिबात नाही, गुळगुळीत, साल वेगळी, आतून रस उडणार, कंपनीतल्या मित्रांनी हंगामात पेटी आणून दिली ती वाटून टाकली. नागलीची पेज घट्ट केली तरी तोंडातल्या लाळेने पातळ होत जाते, म्हणून एका चमच्याला रेंगाळायचं नाही, शिवाय लाळ लागलेला चमचा परत वाटीत बुडवायचा नाही, नाहीतर अख्खी वाटी पातळ होते. झँथन गमची थिकनर पावडर, म्हणजे पाणी घट्ट करायची, लाळेने पातळ होत नाही, पण महाग पडते.

माझं स्पष्ट मत आहे की स्ट्रोकच्या कुठल्याही पेशंटला, अगदी गोळीसुद्धा, तोंडातून देण्याआधी गिळणं तपासलंच पाहिजे. स्ट्रोकच्या नियमावलीतही तेच आहे, तरी होत नाही. नातेवाइकांनी विचारावं, गिळायची टेस्ट झाली का, आणि नाही म्हणाले तर तोंडात काही जाऊ देऊ नये. विचारायला लाजायचं काय त्यात.

सध्या नळी निघालीय, थुंकायचं भांडं गेलंय, पोळी दुधात पूर्ण मुरवून किंवा वरणभात घट्ट कालवून खातो, मान डावीकडेच, म्हणून जेवायला बायको माझ्या डाव्या हाताला बसते. साधं पाणी सगळ्यात शेवटी मिळालं, तेही चमच्याने, छोटे घोट, बाकी पाणी अजून पावडर घालूनच. आवाज थोडा घोगरा आहे, कामावर अर्धा दिवस जातो, शेकरचा व्यायाम मॅडमनी परत सहा आठवड्यांसाठी लावलाय. दिवाळीनंतर मुंबईला बेरियम आहे, त्यात साधं पाणी स्वच्छ खाली गेलेलं दिसलं तर पावडर बंद करायचं डॉक्टरांनी कबूल केलंय.